चिखल्या पाखरांचा डबा

३ सप्टेंबर, मंगळवार

आज परत "नाही"! म्हणजे तोंडाने नाही म्हटलंच नाही. हासुनुमा आजी सरळ नाही म्हणतील तर शपथ. चहा पाजला, मुळ्याचं लोणचं पुढे केलं, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी पिशवीतून दानपत्र काढलं तशी म्हणाल्या, "अगं, आज मेला चष्माच सापडत नाहीये." चष्मा कपाळावर!

मागच्या वेळी हात दुखत होता. त्याच्या आधी दिवस चांगला नव्हता.

संग्रहालयात आले तर सागारा साहेब दारातच उभे. संचालक माणूस, पण माझा चेहरा बघितला आणि त्यांचे खांदेच उतरले. "कुनिएदाबाई, ती पेटी आपल्याकडे नुसती ठेव आहे हो. उद्या त्यांच्या घरच्यांनी उचलून नेली तर आपण दाखवायचं काय? दुसरं आहे काय आपल्याकडे?"

खरं आहे. जाळी, नांगर, आणि कुठल्याशा सरदाराचं अर्धं चिलखत. ओकिझुला कोणी वाट वाकडी करून येतं ते त्या पेटीसाठी.

ते पेटी म्हणतात, मी डबा म्हणते. डबाच आहे तो — सहलीला जेवण न्यायचा.

४ सप्टेंबर, बुधवार

डब्याला पाणी दिलं. म्हणजे काचेच्या कपाटात त्याच्या शेजारी वाटी असते ती बदलली. हवा कोरडी झाली की रोगण तडकतं. पहारेकरी रोज चिडवतो, "देवाला नैवेद्य दाखवला का, बाई?" दाखवला म्हणते.

८ सप्टेंबर, रविवार

प्रदर्शनाचं पोस्टर आलं. डबा माणसाएवढा! सुंदर छापलाय, पण छापून येत नाही ते येतच नाही.

ते काळं बघायचं असेल तर समोर उभं राहावं लागतं. वरवरचं काळं नाही ते. झाडाच्या चिकाचा पातळ थर द्यायचा, दमट कपाटात वाळवायचा, घासायचा, मग पुढचा थर. असे किती दिले असतील त्या माणसाने, कोण जाणे. बघताना वाटतं की काळं पाणी आहे आणि तळ लागत नाही. त्यावर सोन्याच्या भुकटीच्या लाटा. आणि लाटांच्या वर चिखल्या पाखरं — किनाऱ्यावर तुरुतुरु पळतात ती गोलमटोल. एकही दुसरीसारखी नाही. एक मागे वळून बघते आहे, एक धापा टाकत सगळ्यांच्या मागून येते आहे. दोघी नक्कीच भांडताहेत. दोनशे वर्षं भांडताहेत!

चार कप्पे एकावर एक, शेजारी साकेच्या दोन कथलाच्या बाटल्या, छोट्या ताटल्या, आणि सगळं एका चौकटीत बसवलेलं. वरची कडी धरली की निघाले फुलं बघायला. कुठेही फट नाही. कप्पा कप्प्यावर ठेवला की हवा हळूच बाहेर पडते आणि तो सावकाश खाली बसतो. मला अजूनही ते बघून हसू येतं.

आतून मात्र लालभडक. आणि सगळ्यात खालच्या कप्प्याच्या तळाशी एकच चिखली, सोन्याची, एकटी. डबा भरला की ती दिसणारच नाही! मग एवढी मेहनत घेऊन काढली कशाला? पाटीवर मी लिहिलंय, "बहुधा शुभचिन्ह." आम्हाला एखादी गोष्ट कळली नाही की आम्ही असंच लिहितो.

कडीखाली वर्तुळात शिडाचं चिन्ह आहे. हासुनुमांच्या घराचं चिन्ह कमळ. त्याचा उलगडा मात्र मी झोकात केला होता. इथे बायका माहेरचं चिन्ह बरोबर घेऊन येतात, तेव्हा पाटीवर "एखाद्या सुनेच्या माहेरून लग्नात आलेली पेटी." बऱ्याच जणांनी तेव्हा शाबासकी दिली होती.

संध्याकाळी समोरच्या घरातून पलीकडच्या घरात जेवणाचा डबा गेला. नातू झालाय त्यांना, चवळी घालून केलेला शुभकार्याचा लाल भात असणार. इथे हे चालूच असतं — सण असो, बारसं असो, डबे या घरातून त्या घरात. माझ्या दारावरून जातात. मी डोंगरातली, नोकरीपुरती आलेली, "संग्रहालयवाली बाई". वीस-बावीस वर्षं झाली तरी तीच. मला काही वाटत नाही. एकटीला कितीसं लागतं!

१२ सप्टेंबर, गुरुवार

हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

हासुनुमा आजी अंथरुणाला खिळल्यात. छातीत कफ आहे, नव्वदी ओलांडलेली, डॉक्टर मान हलवून गेलेत. सुनेने मला दारातच सांगितलं, "जास्त बोलायला लावू नका." मी दानपत्र आणलंच नव्हतं. नुसती बघायला गेले होते.

आजींना मात्र बोलायचंच होतं.

"पोरी," — मी सत्तावन्नची, पण त्यांची पोरीच — "तुझी ती पाटी आहे ना, मी येते तेव्हा दर वेळी वाचते. फार हसू येतं गं मला."

"का हो?"

"म्हणे सुनेच्या माहेरची! आम्ही दोऱ्या वळणारी माणसं. आमच्याकडे असला डबा घेऊन येणारी सून कुठून यायची? आमच्याकडे आलेल्या सुना दोन हात आणि एक तोंड घेऊन आल्या. तोंड जरा मोठंच." सून शेजारीच बसली होती. तीही हसली.

"मग कुणाचा आहे तो?"

"शिडाच्या घरचा."

मग जे सांगितलं ते असं. आजी जन्मल्या त्या हिवाळ्यात शिडाच्या घरच्यांनी लाल भात भरून तो डबा यांच्याकडे पाठवला. बंदरातलं मोठं घर ते, यांच्या दोऱ्या त्यांच्याच होड्यांवर जायच्या. डबा रिकामा झाला, धुतला. परत पाठवायचा तर भरून पाठवायचा, म्हणून आजींच्या आईने चवळी भिजत घातली. त्याच दिवशी बंदरात आग लागली. शिडाचं घर गेलं, गोदाम गेलं, होड्या गेल्या. माणसं कुणाला न सांगता उत्तरेला निघून गेली.

"त्यांच्या घरातला तेवढा एकच जिन्नस राहिला बघ. आम्हाला दिला म्हणून राहिला." आजींना खोकला आला. सुनेने पाणी पाजलं. "आई म्हणायची, येतील तेव्हा भरून देऊ. कोणी आलं नाही. आई गेली. मग माझं छप्पर गळायला लागलं म्हणून तुमच्याकडे आणून ठेवला. आता दान कसा करू गं? दुसऱ्याचा डबा!"

इतकी वर्षं चष्मा हरवत होता तो यासाठी!

निघताना त्यांनी माझी बाही धरली. "तुला जुन्यातलं कळतं. शोध त्यांना. भरून परत जाऊ दे, म्हणजे मी सुटले. आणि बंदराच्या उत्सवापर्यंत नाहीच सापडले, तर आण तुझा तो कागद. सही करते. ठेवा मग तुमच्या काचेत."

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सागारा साहेबांना म्हटलं, उत्सवानंतर सही करतील. ते इतके खूश झाले की मला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. पुचाट चहा. शोधायचं आहे ते मी सांगितलं नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

देवळात विचारून आले. बंदरात तेव्हा माणसाला आडनावाने कोणी ओळखायचंच नाही, घराच्या चिन्हावरून ओळखायचं. पुजारी म्हणाले, त्या आगीच्या आधीचं आता कोणालाच माहीत नाही.

मला बरं वाटलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते — बरं वाटलं!

१७ सप्टेंबर, मंगळवार

पौर्णिमा. चंद्राला ठेवायला तांदळाच्या गोळ्या केल्या, गवताचे तुरे लावले. रश्श्यात उकळायचा कोंबू, म्हणजे समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ, संपला होता म्हणून नवी पिशवी उघडली. कुरोसे गावातल्या दुकानातली, नेहमीचीच. तिथला कोंबू घातला की रश्श्याला समुद्राची चव येते, दुसरीकडचा नुसता खारट.

पिशवीवर निळं शीड. वर्तुळात.

बघतच राहिले. ही पिशवी मी वर्षानुवर्षं घरात आणते. तिच्यात कांदे ठेवते!

शिडाचं चिन्ह काय एकाच घराचं असतं? असं म्हणून पिशवीची घडी केली, खणात ठेवली, खण बंद केला. परत उघडला. डब्यावरच्या शिडात तीन रेघा आहेत आणि तिसरी जराशी आखूड. पिशवीवरची पण तिसरी आखूड.

रस्सा उतू गेला.

१८ सप्टेंबर, बुधवार

गेले नाही. काम होतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

डबा बाहेर काढून पुसला. हातमोजे घालून, मऊ फडक्याने, एकेक कप्पा. एवढा वेळ कधी लावत नाही. मागे वळून बघणाऱ्या चिखलीकडे बघवेना.

कुरोसे काय लांब आहे? दोन स्टेशनं. तिथल्या त्या दुकानदारणीला काय कळणार आहे त्याच्यातलं? ती आपली उन्हात ठेवील, धुण्याच्या साबणाने घासील. इथे त्याला मी रोज पाणी देते. इथे त्याला सगळं मिळतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

कोंबू दुसऱ्या दुकानातून आणला. रस्सा बेचव.

२२ सप्टेंबर, रविवार

आजींना बघायला गेले. बऱ्याच खंगल्यात. मला बघून डोळे उघडले.

"सापडले?"

"शोधते आहे, आजी."

"शोध हो." एवढंच. कुठे शोधतेस, कुणाला विचारलंस, काही नाही. माझ्या हातावर हात ठेवून झोपी गेल्या. त्यांच्यापुरतं काम योग्य माणसाकडे गेलं होतं.

तोंडात मारल्यासारखं झालं. परत येताना त्यांच्या सुनेने थांबवलं. म्हणाली, "रोज विचारतात, कुनिएदाबाई आल्या का म्हणून. मी म्हटलं, आल्या की सांगेन."

२४ सप्टेंबर, मंगळवार

गेले! सकाळची हजेरी लावली आणि सरळ गाडी काढली.

दुकानात दुकानदारीण रित्सुको हिदाका एकटीच कोंबूच्या पट्ट्या कापत बसली होती. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल, आवाज मात्र बंदरावर मासे विकणारीचा. मला बघून कात्री खाली ठेवली.

"या! दुसरीकडून घेतलात ना मधे? नाही म्हणू नका, चेहऱ्यावर दिसतंय."

"घेतला. वाईट होता."

"असणारच."

मी पिशवीवर बोट ठेवून विचारलं, हे शीड कुठलं? म्हणाली, तिच्या आजीच्या घरचं. मूळचे ओकिझुचे ते, आग लागली तेव्हा उत्तरेला गेले. तिकडे आजीने लोकांच्या घरी कोंबू वाळवला, पुढे इकडे येऊन हे दुकान टाकलं.

"ओकिझुत राहिलंय का काही तुमचं?"

ती मोठ्याने हसली. "काय राहणार? राख! एक डबा राहिलाय म्हणे कुणाकडे. आमच्या घरात अजून थट्टा चालते त्यावरून. कुणी छत्री नेली आणि परत दिली नाही की म्हणायचं, गेली, ओकिझुचा डबा झाली!"

मला हसता आलं नाही. तिथेच कोंबूच्या पोत्यावर बसले. ती घाबरली, पाणी घेऊन आली. मग मी सगळं सांगितलं. चिखल्या, लाटा, लाल भात, भिजत घातलेली चवळी. ती कात्री हातात घेऊन नुसती उभी. गिऱ्हाईक आलं, त्याला "नंतर या" म्हणाली.

"पण तुम्ही दोन स्टेशनांवर राहता," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत कधी कोणी विचारायला कसं आलं नाही?"

"दिलेला डबा मागायला कोण जातं?" ती म्हणाली. "आजी म्हणायची, येईल. भरून आणायचा म्हणजे वेळ लागणारच."

इकडे हे वाट बघत होते, तिकडे ते. आणि मधे मी रोज पाण्याची वाटी बदलत होते.

२५ सप्टेंबर, बुधवार

सागारा साहेबांना सांगितलं. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं.

"पण पोस्टर लागलंय हो स्टेशनवर!"

"डबा त्यांचा आहे, साहेब."

"आपण त्यांनाच दान मागू. आजच मागू."

"आधी परत तर जाऊ दे."

बराच वेळ पेन्सिलीचं टोक मोडत बसले. वाईट माणूस नाही. शेवटी म्हणाले, "शोधून काढलंत तुम्ही, आणि हरलो आपण. कुनिएदाबाई, तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूच्या?" संध्याकाळी कपाटाची किल्ली त्यांनीच माझ्या टेबलावर आणून ठेवली.

आजींच्या सुनेचा फोन. बातमी ऐकली तशा उठून बसल्या म्हणे, आणि पेज मागितली.

२९ सप्टेंबर, रविवार

दमलेय. तरी लिहिते.

सकाळी डबा हासुनुमांच्या घरी नेला. त्यांच्या स्वयंपाकघरात वाफच वाफ. सून चुलीपाशी, आणि आजी दारात आरामखुर्चीत, शाल गुंडाळून, तोंड चालू. "चवळीचं पाणी टाकू नको गं! त्यानेच रंग येतो. इतकी वर्षं झाली तरी सांगावं लागतं हिला." "सांगू नका, मी शिकवेन आता तुम्हाला," सून म्हणाली.

मी डबा कवटाळून उभी. वाफाळता भात दोनशे वर्षांच्या रोगणात! म्हटलं, भात पूर्ण निवू द्या. आधी कप्पे ओल्या फडक्याने पुसून घेऊ. पळी धातूची नको, लाकडी. चिमटे तर मुळीच नकोत.

आजी म्हणाल्या, "डबा आहे तो, पोरी. तुझा पाहुणा नाही."

पण ऐकलं त्यांनी. सगळं मी म्हटलं तसं केलं.

भात भरला. काचेमागे मी त्याला किती वेळा बघितलं असेल! पण तो असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. लाल कप्प्यात लालसर भात, वर काळे तीळ, कोपऱ्यात शोभेचं हिरवं पान. बाहेरच्या चिखल्या एकदम खऱ्या पळायला लागल्यासारख्या वाटल्या. त्या कारागिराच्या डोळ्यांपुढे हेच असणार, रिकामा डबा नव्हे. मी इतकी वर्षं त्याचं अर्धंच काम बघत होते.

डॉक्टरांनी नको म्हटलं होतं तरी आजी गाडीत बसल्या. डबा मांडीवर. मी दोघांवरून एकच पट्टा लावला. बंदराच्या वळणावर म्हणाल्या, "हळू. सांडेल."

कुरोसेला रित्सुको दुकानाबाहेर उभी. चांगला किमोनो, केस विंचरलेले, आणि चेहरा असा की आता ओरडेल नाही तर रडेल. आजींना खाली उतरवलं. त्यांनी डबा दोन्ही हातांनी पुढे केला. मी खालून आधार दिला. कमरेत वाकल्या, इतक्या वाकल्या की मला वाटलं परत उठणार नाहीत.

"उशीर झाला हो," आजी म्हणाल्या. "फार उशीर झाला. भात चांगला होता. आईने सांगितलंय सांगायला."

रित्सुकोही वाकली. मग दोघी किती वेळ तशाच वाकलेल्या, कोण आधी उठणार ते ठरेना. शेवटी रित्सुकोच रडत म्हणाली, "अहो आजी, आत या ना! आम्हाला वाटलं तुम्ही विसरलात."

"मी? मला दुसरं कामच नव्हतं."

आत सगळ्यांनी थोडा थोडा लाल भात खाल्ला. ताटल्या त्याच, त्याच चिखल्यांच्या. मला म्हणाले घ्या. मी नाही घेतला. कामावर आहे म्हटलं. रविवारी!

का नाही घेतला? आठवडाभर मी ती शिडाची पिशवी खणात दडवून बसले होते.

२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी कपाट उघडून वाटीतलं पाणी बदललं. मग आठवलं, कपाट रिकामं आहे. बदललंच होतं, राहू दिलं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाटी काढली. नवीन काय लिहायचं ते सुचेना. साहेब म्हणाले, "पेटी दुरुस्तीला पाठवली आहे, असं लिहा." मी म्हटलं, तिला काय झालंय? मग त्यांनीच एक कागद चिकटवला: "घरी गेली आहे." काही वेळा हा माणूस मला आवडतो.

लोक तो कागद वाचतात आणि हसतात. एका बाईने विचारलं, कधी येणार परत?

१० ऑक्टोबर, गुरुवार

कुरोसेला गेले. कोंबू आणायला म्हणून, पण कोणाला फसवतेय!

रित्सुको त्या ताटल्यांत गिऱ्हाइकांना कोंबूचे तुकडे चाखायला देते आहे! डबा गल्ल्याशेजारी उघड्यावर. एक म्हातारा कप्पा हातात घेऊन खालून-वरून बघत होता. माझा जीव वरच्या वर. "हे काय चाललंय?" ओरडलेच.

"का? काय झालं?"

"हातांचं तेल लागतं! आणि ऊन येतंय इकडे! आणि घासता कशाने?"

"कोमट पाण्याने. मग लगेच कोरडं करते. आजी तसंच करायची म्हणून आई सांगायची." मग जरा चिडून, "बघा तरी आधी, मग ओरडा."

बघितला. ऊन त्याच्यापर्यंत येतच नव्हतं. आणि रोगण! माझ्याकडे असताना कडांवर एक धूसर झाक धरली होती. मी किती उपाय केले, ती कधी गेली नाही. ती नाहीये. काळं परत काळं दिसतंय, अगदी खोल. इतक्या जणांच्या हातांनी आणि फडक्याने पुसलं गेलं, बस्स. सोनंसुद्धा जागं झालंय. भांडणाऱ्या दोघी नव्या दमाने भांडताहेत.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय. चांगला ठेवलाय."

तिने दुप्पट कोंबू बांधून दिला. घरी येताना गाडीत रडले. दुःखाने म्हणू की कशाने, मला खरंच सांगता येत नाही. तो माझा नव्हताच कधी, आणि तो किती सुंदर आहे ते मी पहिल्यांदा आज बघितलं.

आजी आता काठी घेऊन अंगणात फिरतात. डॉक्टर म्हणतात, समजत नाही. सून म्हणते, मला समजतं, कामाला लावायला माणूस लागतं त्यांना.

१३ ऑक्टोबर, रविवार

बंदराचा उत्सव. सकाळपासून ढोल, आणि गल्लीत डब्यांची ये-जा. मी दार लावून इस्त्री करत बसले होते.

दार वाजलं. रित्सुको, आणि तिच्या हातात तो.

"सकाळी हासुनुमा आजींकडे भरून दिला," म्हणाली. "त्यांनी त्यांचं भरून लगेच पुढे पाठवला. म्हणाल्या, पुढचं घर कुनिएदाबाईंचं. घ्या ना, हात दुखतात माझे!"

घेतला. ओट्यापाशी उभ्यानेच जेवले. वरच्या कप्प्यात अंडं, मग मासा, मग मुळा, सगळ्यात खाली लाल भात. शेवटचा घास उचलला आणि तळातून ती एकटी चिखली वर आली. ती जेवणाऱ्यासाठी आहे!

हातमोजे संग्रहालयात राहिलेत. नुसत्या हातांनी धुतला. फडक्यावर पालथा घातलाय. उद्या सकाळी चेस्टनट आणायला हवेत. माझ्या गावाकडे त्यांची गोड वडी करतात, ती इथे कोणी खाल्ली नसेल. रिकामा कसा पाठवू?